यकृताचा आजार, कालवे आणि लोह पळवणारे जिवाणू : वहन प्रथिनांमुळे रोग होतो म्हणजे नेमके काय होते?

खाडीपलीकडे

आमचे मामंजी ७४ वर्षांचे आहेत. मालवण तालुक्यातील एका खाडीकाठी आमचे घर आहे, आणि गेली चाळीसेक वर्षे मोठ्या ओहोटीला खडपावर जाऊन कालवे काढून आणणे हा त्यांचा नेम आहे. गेल्या महिन्यात त्यांना यकृताचा सिरोसिस असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले, औषधे लिहून दिली आणि शेवटी दोन सूचना केल्या, ज्यांची आम्हांला अपेक्षा नव्हती: कालवे, तिसऱ्या, खुबे यांपैकी काहीही अर्धेकच्चे खायचे नाही, आणि हातापायाला जखम वा भेग असताना खाडीच्या पाण्यात उतरायचे नाही.

कारण विचारल्यावर ते म्हणाले, "यकृत बिघडले की रक्तात लोह मोकळे होऊ लागते आणि खाडीतल्या काही जिवाणूंकडे ते लोह आत ओढून घेणारी वहन प्रथिने असतात." एवढ्यात पुढच्या रुग्णाचा क्रमांक पुकारला गेला.

मी हिशेबाची कामे करणारी बाई आहे, विज्ञान दहावीनंतर सुटले. तेव्हापासून जमेल तसे वाचते आहे. पण जितके वाचले तितका गोंधळ वाढला. वहन प्रथिने तर प्रत्येक सजीव पेशीत असतात, तुमच्या-आमच्याही पेशींत असतात. मग त्यांच्यामुळे रोग होतो असे का म्हटले जाते? आणि मामंजी जे चाळीस वर्षे करत आले, ते आजच धोक्याचे कसे झाले? कृपया घरगुती उपाय सुचवू नयेत, ते शेजाऱ्यांनी भरपूर सुचवले आहेत.

भरती_ओहोटी

शीर्षकातील 'कालवे' वाचून तिलारीच्या कालव्यांविषयी धागा असावा, अशा समजुतीने आत आलो होतो. आता आलोच आहे तर थांबतो.

पेशीपटल

मी मूळची रत्नागिरीची, आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे माझे पोटापाण्याचे काम आहे. तुमच्या डॉक्टरांनी घाईत सांगितलेले वाक्य बरोबर आहे, फक्त ते फार दाटीवाटीने बांधलेले आहे. ते थोडे सैल करून सांगते.

जिवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पटल असते आणि त्यातून साखर, क्षार, धातू सहजासहजी आरपार जात नाहीत. म्हणून पटलात बसवलेली प्रथिने ही ने-आण करतात. काही अन्न आत घेतात, काही नको असलेले बाहेर टाकतात, तर काही जिवाणूने तयार केलेली विषे आणि इतर प्रथिने बाहेर पोचवतात. तुमच्या मामंजींचा संबंध पहिल्या प्रकाराशी, त्यातही लोहाशी आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असते, पण ते मोकळे नसते. बहुतेक लोह तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनमध्ये असते, साठा फेरिटिनमध्ये असतो आणि रक्तद्रवातून होणारी ने-आण ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन करते. ट्रान्सफेरिनची पकड इतकी घट्ट असते की निरोगी माणसाच्या रक्तद्रवात खरोखर मोकळे असलेले लोह मोजायला गेल्यास लिटरमागे सरासरी एक अणूसुद्धा पदरात पडत नाही. जिवाणूला वाढण्यासाठी त्याच्या कित्येक अब्ज पटींनी अधिक लोह लागते. म्हणजे जिवाणू शरीरात शिरला तरी तो धान्याने भरलेल्या पण कुलूपबंद कोठारासमोर उपाशी उभा असतो.

कालवांमध्ये आणि खाडीच्या कोमट, मध्यम खारट पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू सापडतो. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थच 'जखम करणारा' असा आहे. तो व्हल्निबॅक्टिन हा लहानसा रेणू बाहेर सोडतो. अशा लोह धरून आणणाऱ्या रेणूंना सिडेरोफोर म्हणतात. लोहासह परतलेला हा रेणू जिवाणूच्या दोन पटलांपैकी बाह्य पटलावरील एक ग्राहक प्रथिन ओळखते आणि आत घेते. येथे एक गंमत आहे. बाह्य पटलापाशी ऊर्जेची सोयच नसते. ती आतल्या पटलापाशी असते, आणि तेथून टॉनबी नावाचे प्रथिन लांब हात करून बाह्य पटलावरील दाराला हिसका देते, तेव्हा ते दार उघडते. व्हल्निफिकसकडे अशा टॉनबी यंत्रणा एक नव्हे, तीन आहेत.

आता यकृत. आतड्यातून किती लोह रक्तात यावे, यावर नियंत्रण ठेवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक यकृतात तयार होते. यकृत खंगले की हेप्सिडिन कमी पडते, लोहाची आवक वाढते, आणि एरवी साधारण तिसरा हिस्साच भरलेले ट्रान्सफेरिन बरेच अधिक भरते. कोठाराचे कुलूप सैल झाले, एवढेच झाले; पण ज्याच्याकडे लोह उचलण्याची तीन-तीन यंत्रे तयार आहेत, त्याला तेवढे पुरते. लोह टोचलेल्या उंदरांना या जिवाणूची अगदी नगण्य संख्याही मारक ठरते, हे १९८१ सालीच प्रयोगाने दिसून आले होते.

त्यामुळे "चाळीस वर्षे काही झाले नाही" हे खरेच आहे. खाडी तीच आहे आणि जिवाणूही तोच आहे. मामंजींचे रक्त मात्र बदलले आहे.

उधाण

प्रतिसाद आवडला. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

तिरकस

पेशीपटल ताईंच्या माहितीबद्दल आदर राखून मतभेद नोंदवतो. टॉनबी प्रथिन प्रयोगशाळेतील निरुपद्रवी ई. कोलायमध्येही असते, किंबहुना ते प्रथम तेथेच सापडले. सिडेरोफोर तर जमिनीतील असंख्य साधे जिवाणू बनवतात. मग 'वहन प्रथिनांमुळे रोग होतो' हे विधान म्हणजे चोर एसटीने आला म्हणून एसटी महामंडळावर गुन्हा दाखल करण्यासारखे झाले. जिवाणू जगण्यासाठी जे करतो ते सर्वच 'रोगकारक' ठरवायचे असेल, तर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

पेशीपटल

आक्षेप रास्त आहे, आणि तो आमच्या क्षेत्रातही घेतला जातो. त्यावर वाद घालण्याऐवजी एक घडलेली घटना सांगते.

प्लेगच्या जिवाणूचा एक दुबळा वाण प्रयोगशाळांमध्ये वापरला जातो. यर्सिनिआबॅक्टिन या सिडेरोफोरची आणि त्याच्या वहनाची जनुके असलेला तुकडाच त्याच्या गुणसूत्रातून गळालेला आहे. लोह मिळवता येत नसल्यामुळे तो माणसाला रोग देऊ शकत नाही, असे मानले जाई आणि त्यामुळे त्याच्यावर काम करताना कडक बंदोबस्तही लागत नसे. २००९ साली शिकागोतील एका संशोधकाचा याच वाणाच्या संसर्गाने मृत्यू झाला. शवविच्छेदनानंतर कळले की त्यांना हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे शरीरात लोह साचत जाण्याचा आनुवंशिक विकार होता, आणि तो त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हता. चोराचे हात बांधलेले होते, पण कोठाराचे दारच सताड उघडे होते.

तिरकस

ही घटना माहीत नव्हती, आणि ती वाचून काही काळ स्तब्ध झालो. परंतु ती तुमच्यापेक्षा माझ्याच बाजूची साक्ष देते, असे वाटते. वहन प्रथिन नसतानाही रोग झाला! म्हणजे कारण रुग्णाच्या रक्तातील लोह हे होते.

जीवशास्त्राचे_मास्तर

तिरकस यांना उलट बाजूचे उदाहरण देतो, म्हणजे तराजू समतोल होईल. मी दापोलीत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि दरवर्षी हे उदाहरण वर्गात सांगतो, कारण त्याचा व्रण बहुतेक प्रत्येक विद्यार्थ्याच्या दंडावर असतो.

बीसीजी ही क्षयाची लस. काल्मेट आणि गेराँ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईंना होणाऱ्या क्षयाचा जिवाणू १९०८ पासून १३ वर्षे, पित्त घातलेल्या बटाट्याच्या माध्यमावर २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवला. हळूहळू तो प्राण्यांना रोग देईनासा झाला, आणि १९२१ मध्ये तो प्रथम माणसाला लस म्हणून देण्यात आला. तो दुबळा का झाला, हे त्या दोघांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक होण्याचे साधनही नव्हते. सत्तर-ऐंशी वर्षांनंतर जनुके वाचता आली तेव्हा दिसले की सर्व बीसीजी वाणांमधून एक ठरावीक तुकडा गायब आहे. त्या तुकड्यात ईएसएक्स-१ नावाची स्राव यंत्रणा होती, म्हणजे जिवाणूने बनवलेली काही प्रथिने पटलातून बाहेर ढकलणारे एक वहन यंत्र. क्षयाचा जिवाणू आपल्या भक्षक पेशींनी गिळल्यावर ज्या कप्प्यात अडकतो, त्या कप्प्याचे पटल फोडण्यासाठी त्याला हे यंत्र लागते. ते गेले आणि जिवाणूची नखे गेली. तो तुकडा प्रयोगशाळेत परत बसवल्यास बीसीजीची रोगकारकता काही अंशी परत येते, हेही दाखवले गेले आहे.

येथे वहन प्रथिन काढले की रोग घटतो आणि घातले की वाढतो. याहून सरळ पुरावा मागणे म्हणजे अंतुशेटच्या दुकानात उधारी मागण्याइतकेच निष्फळ आहे.

भरती_ओहोटी

मास्तर, अंतुशेट उधारी देत नसत हे मान्य; पण बटाट्याला पित्त चोळून १३ वर्षे सांभाळणाऱ्यांना त्यांनीही एखादा डबा उधार दिला असता.

रापण

मी हर्णैचा. यांत्रिक नौकेवर बरीच वर्षे काढली, आता मुलगा जातो. शास्त्रातले मला कळत नाही, पण जखमेचे सांगू शकतो.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या नौकेवरील एका खलाशाच्या तळहाताला जाळे उपसताना शिंगाळ्याचा काटा लागला. असे काटे रोजच लागतात. आम्ही डिझेलच्या फडक्याने पुसून कामाला लागतो. हे चुकीचे आहे हे मला ठाऊक आहे, कृपया त्यावरून कोणी बोलू नये. दुपारी काटा लागला, रात्री हात कोपरापर्यंत सुजला, आणि पहाटे बंदराला लागेपर्यंत कातडीवर काळपट पाण्याचे फोड आले होते. वेदना एवढ्या की तो रडत होता, आणि तो रडणारा माणूस नव्हे. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो दारूचा आणि दुसरा काविळीचा. तेव्हा मला राग आला होता की हाताचे दुखणे घेऊन आलेल्या माणसाला दारूचे काय विचारता. आज हा धागा वाचताना त्या प्रश्नाचा अर्थ लागला. दोनदा शस्त्रक्रिया झाली, हात वाचला, पण दोन बोटे वाकत नाहीत.

सुरंगी

रापण काका, डिझेलबद्दल बोलत नाही, पण लक्षात ठेवते.

मी सिंधुदुर्गात ग्रामीण भागात वैद्यकीय व्यवसाय करते. त्या डॉक्टरांनी दारू आणि काविळीबद्दल विचारले, कारण त्या दोन्ही प्रश्नांचा रोख यकृताकडे असतो. एक खुलासा मात्र आवश्यक वाटतो: खाडीतील वा मासळीच्या प्रत्येक जखमेत व्हिब्रिओ असतो असे नाही, आपल्या त्वचेवरील नेहमीचे जिवाणूही हात सुजवतात. फरक वेगात असतो. जखमेच्या मानाने न शोभणारी तीव्र वेदना, तासातासाला पुढे सरकणारी सूज, रक्तमिश्रित पाण्याचे फोड, ताप आणि गळून जाणे यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये, आणि जखम समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यातली आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. या संसर्गात प्रतिजैविक सुरू होण्यास लागलेल्या प्रत्येक तासाला किंमत असते, आणि जिवाणू रक्तात उतरल्यावर उपचार होऊनही सुमारे निम्मे रुग्ण दगावतात.

आपल्याकडे कालवे कच्चे खाण्याची पद्धत नाही. आपण सुके करतो, भातात घालतो, कालवण करतो. म्हणून तोंडावाटे होणारा धोका अमेरिकेतील कच्ची कालवे खाणाऱ्यांपेक्षा आपल्याकडे कमी आहे. आपला खरा धोका हातापायांवाटे आहे, कारण कालवाच्या कवचाची धार ब्लेडसारखी असते. धागाकर्त्या ताईंच्या मामंजींसाठी दुसरी सूचना पहिलीइतकीच, कदाचित अधिक महत्त्वाची आहे.

लाल_भात

हे सर्व वाचून घाबरले आहे. माझे हिमोग्लोबिन ८.६ आहे आणि गेले दोन महिने लोहाच्या गोळ्या चालू आहेत. शिवाय आई भाजी लोखंडी कढईतच करते. आमची शेती खाडीच्या खाजणात आहे, लावणीला मी पाण्यातच असते. गोळ्या बंद कराव्यात का?

सुरंगी

नाही. कृपया बंद करू नका, आणि कढईही माळ्यावर टाकू नका.

तुमचे ट्रान्सफेरिन आज बहुधा नेहमीपेक्षाही रिकामे आहे. गोळीतून येणारे लोह ती तूट भरून काढते आणि लगेच तांबड्या पेशी बनवण्याच्या कामी लागते. मामंजींची अडचण नेमकी उलटी आहे: ज्या कोठारात आधीच सांडते आहे, त्यात आणखी भर पडते आहे. ज्याच्यात कमी आहे त्याला लोह द्यावे आणि ज्याच्यात अधिक आहे त्याला देऊ नये, हे ऐकायला साधे वाटते, पण त्याचा विसर पडल्यास काय होते याचा धडा टांझानियातील पेम्बा बेटावर मिळाला. तेथे लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक आम्ल देऊन पाहिले, तेव्हा गंभीर आजार आणि मृत्यू वाढल्याचे दिसले आणि लोह देणे थांबवावे लागले. तो अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र ज्यांच्यात खरोखर लोहाची कमतरता होती, त्या मुलांना फायदाच झाला होता. तेथील मुख्य रोग हिवताप होता, जिवाणूजन्य नव्हे, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. ताप आलेला असताना गोळी घ्यावी की थांबावे, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. एरवी गोळ्या चालू ठेवा.

तांबडी_माती

खाजणाचा आणि लावणीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो: आमच्याकडे पावसाळ्यात धास्ती असते ती लेप्टोची. त्याचाही या लोहाशी काही संबंध आहे का?

पेशीपटल

संबंध आहे, पण पद्धत थोडी वेगळी आहे. लेप्टोचा जिवाणू, लेप्टोस्पायरा, रक्तात फिरतो आणि हिमोग्लोबिनमधील हीम हा लोहयुक्त भाग वापरू शकतो. त्यासाठी त्याच्या बाह्य पटलावर टॉनबीच्याच हिसक्याने चालणारी ग्राहक प्रथिने आहेत. मात्र लेप्टोच्या बाबतीत कोणाला गंभीर आजार होईल हे लोहावरून सांगता येत नाही. तेथे गुडघाभर पाण्यात उभे राहणे, पायाच्या भेगा आणि उंदरांचे व गुरांचे मूत्र यांचाच हिशेब मोठा आहे.

सुरंगी

भातशेती आणि पावसाळा याच संदर्भात मेलिऑइडोसिसचेही नाव घ्यायला हवे. त्याचा जिवाणू, बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय, मातीत आणि चिखलात राहतो. किनारी कर्नाटकात त्याचे रुग्ण नियमित सापडतात, बहुतेकांना मधुमेह असतो आणि क्षय समजून चुकीचे उपचार होण्याचा धोका असतो. या जिवाणूवर जेंटामायसिन चालत नाही, कारण औषध बाहेर फेकणारा एक पंप त्याच्या पटलात जन्मजात बसवलेला असतो. मलेशियातील सारावाकमध्ये मात्र याच जिवाणूचे असे वाण सापडले की ज्यांच्यावर जेंटामायसिन चालते. तपासल्यावर त्या पंपाच्या जनुकात बिघाड आढळला. एका वहन प्रथिनाने औषध निवडीत किती फरक पडतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

कोलंबीवाला

आता माझ्या व्यवसायाकडे येतो. रायगड जिल्ह्यात माझी कोलंबीची तळी आहेत. पूर्वी काही जण रोग दिसला की पाण्यात प्रतिजैविक ओतत. आता त्यावर बंदी आहे आणि निर्यातीच्या मालात अंश सापडला तर मालच परत येतो. परंतु त्या काळातही एक गोष्ट दिसायची: पहिल्या वर्षी टेट्रासायक्लिन चालायचे, पुढच्या वर्षी निम्मे, तिसऱ्या वर्षी तळ्यात औषध टाकणे म्हणजे समुद्रात मीठ टाकणे. हे पंपांमुळेच होत असावे का? आणि पंप हे कारण असेल, तर त्या पंपाच्या तोंडात बूच का बसवत नाहीत?

पेशीपटल

बऱ्याच अंशी पंपांमुळेच. टेट्रासायक्लिनचा प्रतिकार करणारे जिवाणू औषध आत शिरताच बाहेर फेकतात, हे १९८० मध्ये अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. त्याआधी बहुतेकांची समजूत होती की जिवाणू औषध मोडून टाकत असावा किंवा त्याला आत येऊच देत नसावा. आत येऊ द्यायचे आणि त्याच पावली परत पाठवायचे, ही युक्ती कोणाच्या ध्यानी आली नव्हती. शिवाय अशा पंपांची जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून तुमच्या तळ्यात टाकलेले औषध तळ्यापुरते राहत नाही.

यांहून मोठे पंप आहेत. ई. कोलायमधील एसीआरबी हा त्यांतला सर्वाधिक अभ्यासलेला. त्याची रचना २००२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उलगडली. तीन सारखे भाग आळीपाळीने उघडत-मिटत राहतात आणि पकडलेला पदार्थ एका लांब नळीतून थेट पेशीबाहेर सोडतात, जुन्या रहाटाची एक पोहरी भरते तेव्हा दुसरी रिकामी होते तसे. हा पंप मुळात आमच्या औषधांसाठी बनलेला नाही. आतड्यातील पित्तक्षार जिवाणूला मारक असतात, ते बाहेर टाकण्यासाठी तो उपयोगी पडतो. औषधे त्याच वाटेने जातात. साल्मोनेलामधून हा पंप काढला, तर औषध दिलेले नसतानाही त्याची आतड्याच्या पेशींत शिरण्याची क्षमता घटते. तिरकस, ही नोंद तुमच्यासाठी आहे.

बूच बसवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. स्टॅफिलोकोकसच्या नॉरए पंपाला मिऱ्यातील पायपरीन काही प्रमाणात अडवते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र यावरून कोणी मिऱ्यांचा काढा सुरू करू नये. परीक्षानळीतील मात्रा आणि पोटातील मात्रा यांत अंतर असते. पंप अडवणारे एकही औषध अद्याप रुग्णांसाठी मान्य झालेले नाही, कारण जे पंपाला अडवते ते बहुधा आपल्या पेशींनाही बाधते.

दुसऱ्या वाटेने मात्र यश मिळाले. सेफिडेरोकॉल या प्रतिजैविकाच्या रेणूलाच सिडेरोफोरसारखा तुकडा जोडलेला आहे. तो लोह धरतो, जिवाणू लोहाच्या आशेने त्याला टॉनबीच्या दारातून स्वतःच ओढून घेतो, आणि आत शिरल्यावर औषध आपले काम करते. वरातीच्या आडोशाने पुण्यात शिरलेल्या मावळ्यांची आठवण यावी, असा हा प्रकार आहे. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

उधाण

मिऱ्यांचा काढा आमच्याकडे आज सकाळीच झाला. उशीर झाला, ताई.

जीवशास्त्राचे_मास्तर

स्राव यंत्रणांबद्दल एक भर घालतो, कारण ती थेट आपल्या ताटाशी निगडित आहे. १९५० मध्ये जपानमधील ओसाका येथे शिरासू नावाची लहान मासळी खाऊन २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले. त्यातून फुजिनो यांनी जो जिवाणू वेगळा केला, तो व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. मासळी, कोलंबी, कालवे खाऊन पोट बिघडते त्यात याचा हात अनेकदा असतो. त्याचा जगभर पसरलेला एक वाण प्रथम १९९६ मध्ये कोलकात्यात ओळखला गेला. या जिवाणूकडे इंजेक्शनच्या सुईसारखी रचना असलेल्या दोन स्राव यंत्रणा आहेत; त्यांतून तो आपली प्रथिने थेट आतड्याच्या पेशीत टोचतो.

पटकीचा (कॉलऱ्याचा) जिवाणू सुई वापरत नाही. तो विष स्वतःच्या दोन पटलांमधील जागेत जुळवतो आणि वेगळ्या यंत्रणेने बाहेर सोडतो. ते विष जिवाणूविरहित द्रवातही काम करते, हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात सिद्ध केले. मग ते विष आपल्या आतड्याच्या पेशीतील क्लोराइडचे दार उघडेच ठेवते आणि पाणी वाहून जाते. मीठ-साखरेचे पाणी यावर चालते ते आपल्याच आतड्यातील दुसऱ्या एका वहन प्रथिनामुळे. ते साखरेच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन कण आत घेते, आणि पटकीचे विष त्याला हात लावत नाही.

तिरकस

मी माझे पहिले विधान मागे घेतो, पण अर्धेच. स्राव यंत्रणा आणि टोचणाऱ्या सुया यांना रोगकारक म्हणणे मला मान्य आहे, कारण त्यांचे काम यजमानाच्या पेशीवरच चालते. लोहाची आयात आणि पंप यांच्याबाबत मात्र मी 'रोगाला वाव देणारी' एवढेच म्हणेन. एसटीवरचा गुन्हा मागे घ्यावा, चालकाची चौकशी चालू राहावी.

पेशीपटल

यावर तडजोड करण्यास माझी हरकत नाही. फक्त एवढे लक्षात घ्या की व्हल्निफिकसमध्ये व्हल्निबॅक्टिनची यंत्रणा बिघडवली, तर उंदरांमधील त्याची मारकता घटते. 'वाव देणे' आणि 'कारण असणे' यांतील रेषा खाडीतील भरतीच्या रेषेसारखी आहे. रोज थोडी सरकते.

खाडीपलीकडे

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस हा धागा वाचून मी काल डॉक्टरांकडे प्रश्न लिहूनच घेऊन गेले. ट्रान्सफेरिन किती भरले आहे याची तपासणी त्यांनी आधीच करून घेतली होती. अहवालात ६२ टक्के असे लिहिले आहे. तो आकडा पाहून मला पहिल्यांदा काही कळले, कारण हिशेबाची भाषा मला समजते.

स्वयंपाकघरापुरता निर्णय झाला: कालवे कवचासह उकळायचे, कवच उघडल्यावर आणखी ३ ते ५ मिनिटे उकळू द्यायचे, आणि न उघडलेले टाकून द्यायचे. लिंबू किंवा कोकमाच्या आगळामुळे जिवाणू मरतात या भरवशावर राहायचे नाही, हेही डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले. कच्चे कालवे हाताळणे आणि फोडणे हे काम मी करीन, हातमोजे घालून.

खडपावर जाण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मामंजींच्या टाचांना भेगा आहेत आणि मोठी ओहोटी येत्या अमावास्येला आहे. गमबूट घालून गेल्यास चालेल का?

रापण

गुडघ्यापर्यंतचे घ्या, आणि तळ खडबडीत असलेलेच घ्या. वरून पाणी आत शिरले तर बूट असून नसल्यासारखे. भेगांवर आधी जलरोधक पट्टी लावा.

खाडीपलीकडे

रापण काका, कालच गमबूट आणले. मामंजींनी एक पाय घालून पाहिला, अंगणात चार पावले चालले आणि म्हणाले, "हे घालून खडपार गेलंय तर घसरान मरतलंय, त्या जिवाणूक कित्याक कामाक लावतास?"

सुरंगी

मामंजींचे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्याही खोडून काढता येत नाही. सिरोसिसमध्ये रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे खडपावर घसरून पडणे त्यांना इतरांपेक्षा महागात पडेल. बूट परत देता येत असतील तर द्या, आणि अमावास्येला नातवाला पाठवा. कालवे कोठे आहेत हे मामंजी काठावर बसून सांगतील.